किमान चार फोटो

आमच्या शाळेत कार्यक्रम होत नाहीत. कार्यक्रमांचे फोटो होतात. आणि ते व्हावेत म्हणून त्यांच्या आजूबाजूला थोडाफार कार्यक्रम उरकून घ्यावा लागतो, इतकंच.

मी डोंबिवलीच्या एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवतो. राहतो कल्याणला. प्रशिक्षणं ठाण्याला असतात. पोटासाठी डोंबिवली, झोपेसाठी कल्याण आणि सहीपुरतं ठाणं, अशी माझी त्रिस्थळी यात्रा गेली सव्वीस वर्षं चालू आहे. एवढ्या काळात खडू गेला, मार्कर आला. छडी गेली, समुपदेशन आलं. पण सगळ्यांत मोठा बदल कुठला म्हणाल, तर परिपत्रकाच्या शेवटच्या ओळीतला. पूर्वी तिथं 'अहवाल सादर करावा' एवढंच असायचं. आता त्याच्या आधी 'किमान चार फोटोंसह' असे तीन शब्द येऊन बसलेत, आणि त्या तीन शब्दांनी मास्तरकीचा फोटो स्टुडिओ करून टाकलाय.

आमचं वृक्षारोपणच घ्या. ते दर जुलैत, मैदानाच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीशेजारी होतं. शिपाईमामा आदल्या दिवशी खड्डा करून ठेवतात. सकाळी बॅनर लागतो आणि तो सरळ आहे की नाही यावर पंधरा मिनिटं खल होतो. मग रोप येतं. वीतभर रोप आणि हात लावायला नऊ माणसं: मुख्याध्यापिकाबाई, संस्थेचे दोन पदाधिकारी, पालक प्रतिनिधी, पीटीचे सर आणि रोपापर्यंत हात पोचत नाही म्हणून पुढच्याच्या कोपराला हात लावून उभे राहिलेले आम्ही. एवढा आधार मिळाला तर धडधाकट माणूसही गुदमरेल, ते तर रोप. "बाई, झारी जरा वर... रोपाकडे नका बघू, इकडे बघा!" या एका वाक्यात आमचं सगळं पर्यावरण शिक्षण आलं. झारीत पाणी नसतं, कारण पाण्यानं चिखल होतो आणि चिखलानं साड्या खराब होतात. फोटोच्या कोपऱ्यात अक्षांश-रेखांश उमटतात. म्हणजे आमचं रोप पृथ्वीच्या पाठीवर नेमकं कुठे आहे हे आकाशातल्या उपग्रहाला कळतं. दिवाळीनंतर ते कुठे जातं, हे मात्र शेजारच्या वर्गातल्या आम्हालाही सांगता येत नाही.

फोटो म्हणजे पुरावा, ही समजूत आमच्या शाळेपुरती नाही. २०१६ च्या अखेरीस शासनानं एक फर्मान काढलं होतं. मुलांची गैरहजेरी आणि गळती कळावी म्हणून शिक्षकांनी दर ठरावीक सोमवारी दहा-दहा मुलांचे गट करून त्यांच्यासोबत सेल्फी काढायचा आणि तो 'सरल' प्रणालीवर चढवायचा. माझ्या वर्गात तेव्हा बासष्ट मुलं. म्हणजे सहा सेल्फी झाल्यावर दोन मुलं शिल्लक. त्या दोघांचं काय करायचं यावर स्टाफरूममध्ये दोन मधल्या सुट्ट्या खर्ची पडल्या. मी वर्गात एक रंगीत तालीमही घेतली. माझा हात आखूड. दहावं मूल चौकटीत घ्यावं तर माझा चेहरा बाहेर जायचा, आणि चेहरा आत घ्यावा तर मूल गैरहजर. राज्यभरच्या शिक्षकांनी ओरड केली आणि ते प्रकरण बारगळलं. मागे एवढंच राहिलं की माझ्या वर्गातली चार पोरं पुढे महिनाभर 'हजर, सर' म्हणण्याऐवजी ओठांचा चंबू करून दोन बोटं वर करत होती.

तर अशा माझ्या हातात एके दिवशी ठाण्याच्या प्रशिक्षणाचं पत्र पडलं. विषय: 'डिजिटल छायाचित्रण व कथाकथन यांचा अध्यापनात वापर'. बाई म्हणाल्या, "सर, तुम्हीच जा. तुम्हाला गोष्टी सांगता येतात." आमच्या शाळेत हा गुण म्हणून नव्हे, तर अभ्यासक्रम मागे राहण्याचं कारण म्हणून नोंदलेला आहे.

प्रशिक्षण तलावपाळीजवळच्या एका सभागृहात होतं. डिजिटल प्रशिक्षणाचा पहिला तास हा नेहमी वायरचा असतो. तरुण प्रशिक्षक एक वायर काढून दुसरी खुपसत होता, पडदा निळाशार होऊन 'नो सिग्नल' म्हणत होता आणि ऐंशी शिक्षक आपापल्या परीनं सल्ले देत होते. शेवटी बिचारा वायर सोडून नुसताच बोलायला लागला, आणि काय सांगू, रंगला!

त्यानं सांगितलं की १९७५ साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन नावाच्या पंचविशीतल्या अभियंत्यानं इकडचे तिकडचे भाग जुळवून पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला. वजन साडेतीन किलोंच्या वर. फोटो काळा-पांढरा, अवघ्या दहा हजार ठिपक्यांचा. आणि तो एक फोटो कॅसेटवर उतरायला लागायचे २३ सेकंद. हे ऐकून सभागृहातला कल्याण-डोंबिवलीचा गट एकदम हळहळला. २३ सेकंदांत आमची गाडी डोंबिवलीला येते, सांडते, भरते आणि निघूनही जाते. कंपनीचा सगळा धंदा फिल्म विकण्याचा. बिनफिल्मचा कॅमेरा बघून साहेब लोकांचे चेहरे कसे झाले असतील याची नक्कलही त्यानं करून दाखवली. मग त्याची गोष्ट सॅन फ्रान्सिस्कोला गेली. तिथं जो लॅम्बर्ट आणि मंडळींनी १९९४ साली एक केंद्र काढलं. साध्यासुध्या माणसांनी यायचं, घरातले मोजके फोटो आणायचे आणि आपल्याच आवाजात, दोन-चार मिनिटांत, आपल्या आयुष्यातली एक गोष्ट सांगायची. चकचकीत काही नाही. आवाज कापरा असला तरी चालेल, पण आपला पाहिजे.

आम्ही कान टवकारून ऐकत होतो. तेवढ्यात प्रोजेक्टर लागला आणि प्रशिक्षण बिघडलं.

पुढे एकशे बारा स्लाइड आल्या. प्रत्येक स्लाइडवर जे लिहिलं होतं ते तो आम्हाला वाचून दाखवत होता, आणि आम्ही ते वाचता येत असूनही ऐकत होतो. मध्येच रणजितसिंह डिसले गुरुजींचा फोटो येऊन गेला. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या या गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, त्यामागे पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचं त्यांचं काम होतं. तेव्हापासून कुठलंही प्रशिक्षण त्यांच्या फोटोशिवाय सुटत नाही. पण दहा लाख डॉलरच्या त्या बक्षिसातला अर्धा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना देऊन टाकला, ही त्यातली खरी गोष्ट. ती सांगायला वेळ नव्हता. फोटो दाखवला आणि पुढची स्लाइड. शेवटी बॅनरसमोर आमचे चार गटफोटो निघाले, बटाटेवडा मिळाला आणि आम्ही डिजिटल होऊन फलाटावर आलो.

दुसऱ्या दिवशी मी सातवी ब ला गृहपाठ दिला: 'माझ्या शहराची गोष्ट. पाच फोटो, दोन मिनिटं, स्वतःचा आवाज.' वर्गात पहिल्यांदा अशी शांतता पसरली. मग एक मुलगी उभी राहिली. "सर, पण मोबाइल आणला तर जप्त होतो ना?" फाटकावर तशी पाटीच आहे, आणि जप्त झालेले सात मोबाइल बाईंच्या कपाटात आहेत. म्हणजे ज्या शाळेत मोबाइलला बंदी, तिथंच मोबाइलचा गृहपाठ. मी म्हटलं, "घरच्यांचा वापरा."

त्या संध्याकाळी पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप पेटला. 'सर, फोटो उभे की आडवे?' 'किती मार्कांना आहे?' 'वार्षिकमध्ये धरणार का?' 'आमच्या टॉवरचा स्विमिंग पूल चालेल का?' 'ह्यांचा फोन ह्यांच्याबरोबर ऑफिसला जातो, रविवारपर्यंत मुदत द्यावी.' या गदारोळात कुणाच्या तरी आजोबांनी नेहमीप्रमाणे दव पडलेला गुलाब आणि सुविचार पाठवला. त्यावर लगेच प्रश्न आला, 'सर, हा नमुना समजायचा का?'

आठवड्यानं एक्केचाळीस गोष्टी आल्या, आणि माझ्या फोनचं पोट फुटलं. 'स्टोरेज फुल' हे त्याचे अखेरचे शब्द. सासूबाईंच्या पंचाहत्तरीचे व्हिडिओ पुसून मी जागा केली. घरात अजून कुणाला माहीत नाही.

दुर्गाडी किल्ल्याच्या तीन गोष्टी होत्या. त्यातल्या एकीत किल्ल्याभोवती वाळवंट होतं आणि पुढून उंट चालला होता. मी विचारलं, "बाळा, कल्याणच्या खाडीत उंट कुठून आला रे?" तो शांतपणे म्हणाला, "सर, नुसतं 'किल्ला' टाकलं तर हाच चांगला आला." एकानं थेट १६ एप्रिल १८५३ गाठली होती. बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या पहिल्या आगगाडीचं चित्र त्यानं एआयकडून करून घेतलं होतं. पगडी घातलेले गृहस्थ दाराला लोंबकळत होते आणि त्यांतल्या एकाच्या हाताला सहा बोटं होती. मी समजावलं, "अरे, त्या गाडीला १४ डबे होते आणि पाहुणे होते ४००. एका डब्यात जेमतेम तीस माणसं. लोंबकळायची कुणाला काय गरज?" वर्गाला हे पटेना. "पण सर, जागा असली तरी माणूस दारातच उभा राहतो. हवा येते." इतिहासाचा यापुढे काही इलाज चालत नाही.

एका गोष्टीत ड्रोन होता. ढगांतून उतरत तलावपाळी, मग उपवन, मग येऊरची हिरवी झाडी, आणि मागे खर्जातला आवाज: 'ठाणे... तलावांचे शहर...' ही गोष्ट पाठवणारी मुलगी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसते. तिचा आवाज मी रोज ऐकतो. तो इतका काही फुटलेला नाही. चौकशीअंती तो तिच्या ठाण्याच्या मामांचा निघाला. मामा लग्नाचे व्हिडिओ करतात, म्हणूनच शेवटी वाकून नमस्कार करणारे दोन हात आणि 'आपले आशीर्वाद हाच आमचा आहेर' ही पाटी राहून गेली होती. दुसऱ्या एकानं डोंबिवलीतला दिवाळी पहाटेचा फडके रोड घेतला होता, मोठ्या भावाच्या फोनमधून. पाच फोटोंत मिळून चौतीस चेहरे, सोळा झब्बे, आठ गॉगल. फडके रोड कुठेच नव्हता.

आणि एका मुलानं रस्त्याचा फोटो पाठवला होता. रस्ता गुलाबी. साधासुधा नव्हे, बर्फाच्या गोळ्यासारखा गुलाबी. मी लाल शाईच्या तोऱ्यात शेरा मारला: 'फिल्टर वापरू नये. वास्तव दाखवावे.' दुसऱ्या दिवशी त्याचे वडील वर्गाच्या दारात उभे. "सर, हे वास्तवच आहे. २०२० च्या फेब्रुवारीत आपल्या एमआयडीसीतला रस्ता असाच झाला होता, रसायनांमुळे. मी स्वतः काढलाय." मी शेरा खोडायला पेन काढलं, तर ते म्हणाले, "आणि २०१४ च्या जानेवारीत हिरवा पाऊस पडला होता, तो लक्षात आहे ना? त्याचाही देतो हवा तर." डोंबिवलीला फिल्टरची गरज नाही, हे मी सव्वीस वर्षं नोकरी करून विसरलो होतो.

रात्री कल्याणला जेवताना मी या सगळ्याचा पाढा वाचला. म्हटलं, हल्लीच्या मुलांना गोष्टच सांगता येत नाही. बायको पोळी वाढता वाढता म्हणाली, "अहो, मुलांना काय नावं ठेवताय? तुमच्या फोनमध्ये अकरा हजार फोटो आहेत. त्यातला एक काढा आणि सांगा बघू गोष्ट." मी आव्हान स्वीकारलं. आधार कार्डाची पुढची बाजू. आधार कार्डाची मागची बाजू. रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी. मिक्सरचं गॅरंटी कार्ड. गाडी जिथं लावली होती तो खांब, बी-सतरा. माझा अंगठा. परत अंगठा. वृक्षारोपण, वृक्षारोपण, वृक्षारोपण. ती म्हणाली, "आमटी निवतेय."

मला आठवलं, आमच्या जुन्या घरी माझ्या लहानपणाचे मोजून नऊ फोटो होते. पण त्यातल्या एकेकावर आई वीस-वीस मिनिटं बोलायची. फोटोत मी रडताना का दिसतो, माझ्या अंगातला सदरा कुणाचा, तो परत मागायला मावशी कशी आली, आणि मग मावशीचं एकूण. फोटो नऊ आणि गोष्टी शंभर. आता फोटो अकरा हजार आणि गोष्ट एकच: बी-सतरा.

आणि गंमत म्हणजे चित्र दाखवून गोष्ट सांगायची विद्या शिकायला मी ठाण्याला गेलो, ती माझ्याच गावची होती. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास आपल्या मुलांना हाताशी धरून 'शांबरिक खरोलिका' नावाचा खेळ उभा केला. शंबर हा पुराणातला मायावी असुर, त्याची विद्या ती शांबरी. म्हणजे हा जादूचा कंदील. काचेच्या पट्ट्यांवर हातानं रंगवलेली बारीक चित्रं, मागून उजेड, पुढे पडदा. एकाच पात्राच्या निरनिराळ्या अवस्थांच्या काचा झरझर बदलल्या की ते हलल्याचा भास व्हायचा. रामायण-महाभारतातल्या कथा, सोबत निवेदन, संवाद, गाणी. सिनेमा यायच्या आधी! तिकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी तर त्याच्याही कितीतरी आधीपासून एकेक चित्र पुढे धरून कथा लावत आले आहेत. या मंडळींकडे चित्रं मोजकी. बोटभर काच रंगवायला दिवस लागत असणार. त्यामुळे कुठलं चित्र आधी, कुठलं नंतर, कुठे थांबायचं आणि कुठे प्रेक्षकाला 'मग?' म्हणायला लावायचं, याचा विचार चित्र काढायच्या आधी व्हायचा. आम्ही आधी काढतो, मग आणखी काढतो, आणि 'मग?' असं विचारायला कुणी उरलेलं नसतं, कारण तोही काढत असतो.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात एकच फोटो नेला. प्रोजेक्टर नको, वायर नको. जाड कागदावर छापून आणला, वीस रुपयांना. फोटो १० ऑक्टोबर १८८५ चा, पेनसिल्व्हेनियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातला. तीन तरुण मुली आपापल्या देशाच्या वेषात बसल्या आहेत: जपानची केई ओकामी, सीरियाची सबात इस्लामबूली आणि नऊवारीतली आपली आनंदीबाई जोशी, जन्म कल्याण, वय वीस. मी काहीच सांगितलं नाही. फोटो बाकाबाकांवरून फिरवला आणि म्हटलं, विचारा.

"सर, फॅन्सी ड्रेस आहे का?" इथून सुरुवात झाली. "तिघी हसत का नाहीत?" "सर, थंडी नाही वाजत का तिकडे साडीत?" "त्या एकमेकींशी कुठल्या भाषेत बोलायच्या?" "हिला तिकडे जेवायला काय मिळायचं?" "आई-बाबांनी सोडलं कसं?" मागून एक आवाज: "सर, फोटोच्या बाहेर कोण उभंय? ह्या तिघी कुणाकडे बघतायत?"

सव्वीस वर्षं मी आनंदीबाई शिकवतोय. 'पहिली भारतीय स्त्री डॉक्टर' हे उत्तर मी फळ्यावर लिहितो, मुलं वहीत लिहितात, परीक्षेत परत देतात. नवव्या वर्षी लग्न झालेली मुलगी, टपाल खात्यातला हट्टी नवरा, समुद्रप्रवास, १८८६ ची पदवी आणि बावीस वर्षंही पुरी न होता आलेला मृत्यू, हे सगळं त्या दिवशी मी सांगितलं ते मुलांनी विचारलं म्हणून. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा कुणी उठलं नाही. मधली सुट्टी असूनही उठलं नाही, हे विशेष.

मग मी गृहपाठाचे नियम बदलले. फोटो कुठलाही चालेल, जुनासुद्धा. पण तीन प्रश्नांची उत्तरं हवीत. या फोटोच्या आधी काय झालं? नंतर काय झालं? आणि चौकटीच्या बाहेर कोण उभं आहे?

तो मागच्या बाकावरचा आवाज ज्याचा होता, तो मुलगा मधल्या सुट्टीत आला. "सर, तुमचा फोन देता? फक्त पाच मिनिटं. कॉरिडॉरमध्येच आहे." दोन दिवसांनी त्यानं गोष्ट लावली. नाव: 'एका खड्ड्याची गोष्ट'. कल्याण-डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला असं नाव ऐकून नवल वाटत नाही. मला वाटलं, रस्त्यावरचा असेल.

आवाज त्याचाच, किंचित सर्दीचा. "हा खड्डा आमच्या शाळेचा सगळ्यांत जुना विद्यार्थी आहे. हा दर वर्षी नापास होतो." मग 'शाळेची क्षणचित्रे' या आमच्या फलकावरचे फोटो एकामागून एक. "पहिल्या फोटोत बाई आणि वड. दुसऱ्या फोटोत बाई आणि कडुलिंब. तिसऱ्या फोटोत बाई आणि आवळा. चौथ्या फोटोत झाड दिसत नाही, पाहुणे पुढे आलेत. मागची पाण्याची टाकी बघा, चारही फोटोंत तीच आहे. म्हणजे खड्डा तोच आहे. पाचवा फोटो कालचा आहे. खड्ड्यात कुत्रं झोपलंय. इतक्या वर्षांत इथं तेवढंच टिकलंय. फोटोच्या बाहेर शिपाईमामा उभे आहेत. सगळे खड्डे त्यांनी केले, पण ते एकाही फोटोत नाहीत. मी त्यांना विचारलं, झाडं का मरतात? ते म्हणाले, पाऊस जातो आणि लगेच दिवाळीची सुट्टी लागते. तीन आठवडे पाणी कोण घालणार?"

वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातून बाई आल्या. मुख्याध्यापिकाबाई. त्या म्हणाल्या, "काय चाललंय? मलाही दाखवा."

त्या दोन मिनिटांत मी माझ्या निवृत्तीचा हिशोब केला. भविष्य निर्वाह निधी, उपदान, शिल्लक रजा. बाईंनी शेवटपर्यंत पाहिलं. मग म्हणाल्या, "दुसऱ्या आणि चौथ्या फोटोत माझी साडी तीच आहे." वर्गात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. "हे पोर्टलवर टाकायचं नाही," त्या पुढे म्हणाल्या, आणि दारात जाऊन त्यांनी हाक मारली, "मामा, जरा इकडे या. या खड्ड्यात काय जगेल?"

मामा म्हणाले, "शेवगा."

या जुलैत शेवगा लागला. बॅनर नव्हता. खड्ड्याची गोष्ट लावणाऱ्या मुलाला मी दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली होती. १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणल्यावर फाळक्यांनी आधी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्यापुढे कॅमेरा रोखून महिनाभराहून अधिक काळ रोज एकेक चित्र टिपलं. तो 'अंकुराची वाढ' हा मिनिटाभराचा चित्रपट पाहून लोकांना भांडवल घालायचा धीर आला आणि पुढच्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. म्हणजे आपल्याकडच्या सिनेमाची पायाभरणी वाटाण्यानं केलेली आहे. मुलगा म्हणाला, "मग आपण पण करू." टाकीच्या कठड्यावर त्यानं तेलरंगानं दोन पावलं काढली. तिथं उभं राहायचं, रोज मधल्या सुट्टीत, माझा फोन घ्यायचा आणि एक फोटो काढायचा. एकच. दुसरा काढला तर तो मी पुसतो.

दिवाळीच्या सुट्टीचा प्रश्न होताच. वर्गानं पाळ्या लावल्या. हंड्यानं पाणी घालायला या, असं मी सांगितलं असतं तर एकही आलं नसतं. पण फोटो चुकला तर सिनेमात झाड एकदम उडी मारेल, म्हणून रोज दोघं जण घरच्यांचा फोन घेऊन यायची. आणि पान मलूल दिसलं तर फोटो वाईट येईल, म्हणून आधी पाणी घालायची. भाऊबिजेला तर सात जण होती. कुत्र्यानं जागा बदलली आहे. ते आता झाडाच्या सावलीत झोपतं आणि रोजच्या फोटोत येतं.

शेवगा टाकीच्या वर गेलाय. परवा वृक्षारोपणाचा अहवाल भरायला बसलो. ओटीपी आला, गेला, परत आला. पुढे चौकटी. 'उपस्थित मान्यवर': मी शिपाईमामांचं नाव घातलं. 'फोटो': किमान चार, कमाल पाच. माझ्याकडे एकशे अठरा आहेत आणि त्यातला कुठला काढायचा हे ठरत नाही, कारण कुठलाही काढला तरी झाड उडी मारतं. 'कार्यक्रमाचा दिनांक': इथं एकच तारीख मावते. मी मुलाला विचारलं, कुठली घालू? तो म्हणाला, "सर, 'चालू आहे' असं लिहा ना."

पण त्या चौकटीत अक्षरं उमटत नाहीत. त्यामुळे आमचा अहवाल 'अपूर्ण' दिसतो, लाल रंगात, आणि रोज सकाळी मला त्याचं स्मरणपत्र येतं. मी ते कल्याणच्या फलाटावर वाचतो, फोन खिशात घालतो, आणि मधल्या सुट्टीत त्या मुलाच्या हातात देतो.